सलग एक्केचाळीस सेकंद

३ मार्च, सोमवार

नवी वही काढली, कारण आजचा दिवस तसाच होता. एकोणीस वर्षं पालिकेच्या प्रसिद्धी विभागात, जन्म-मृत्यू नोंदणीच्या समोरच्या खोलीत बसून मी 'उद्या पाणी येणार नाही' ही एकच बातमी निरनिराळ्या शब्दांत लिहीत आलो. आज मोठ्या साहेबांनी स्वतः बोलावलं आणि 'बसा' म्हणाले. खुर्चीवर.

बातमी अशी की आपल्या शहरात व्यावसायिक गोल्फची स्पर्धा होणार. चार दिवस, बावीस देशांत प्रक्षेपण. टेकडीवरच्या त्या क्लबात, ज्याची हिरवळ आम्ही आजवर कुंपणाबाहेरूनच पाहिली. पैसे पालिका घालणार, त्या बदल्यात शहराचं नाव टीव्हीवर दिसणार आणि ते बघून पर्यटक येणार. या कामासाठी 'पर्यटन अधिकारी' असं नवं पद काढायचं आहे. ते कोणाला द्यावं याचा साहेब अजून विचार करताहेत, पण सांगताना माझ्याकडेच बघत होते.

मी विचारलं, "साहेब, पर्यटकांनी आपल्याकडे बघायचं काय?"

"ते नंतर. आधी येऊ तर देत," साहेब म्हणाले. मोठी माणसं मोठी का असतात ते अशा वेळी कळतं.

७ मार्च

पैसे आहेत, पण अंदाजपत्रकातल्या कुठल्या शीर्षाखाली घ्यायचे यावर दोन तास काथ्याकूट. लेखा विभागाचे प्रमुख नियमावलीची पानं उलटत होते. शेवटी मीच सुचवलं: 'रुग्णालयासमोर नातेवाइकांसाठी निवारा' या नावाखाली तीन वर्षं रक्कम नुसती पडून आहे, तीच वळवावी. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे कान गरम झाले.

ती जागा मला पाठ आहे. रुग्णालयाच्या अगदी समोर माझ्या ताईचं सहा खोल्यांचं लॉज आहे. भाऊजी गेल्यापासून एकटी चालवते. पेशंटची माणसं तिथे महिना महिना राहतात. ज्यांना खोली मिळत नाही किंवा परवडत नाही ती फुटपाथवर बसतात. आता फुटपाथ आहे म्हणजे बसायची सोय आहेच की. निवारा कशाला हवा?

१४ मार्च

आज सल्लागार आला. वयाने माझ्या भाच्याएवढा, बूट मात्र माझ्या पगाराएवढे. त्याने पडद्यावर आलेख दाखवले, आणि सगळे वर चढणारे. त्याचं म्हणणं असं: शहराचं नाव टीव्हीवर जितके सेकंद स्पष्ट वाचता येईल, त्या प्रत्येक सेकंदाला जाहिरातीचा दर लावायचा. चार दिवसांत अठराशे सेकंद जमले की पालिकेने घातलेला पैसा वसूल. पर्यटक आले तर ती वरकमाई.

एका सभासद बाईंनी विचारलं, "म्हणजे हे पैसे तिजोरीत येणार?"

"मूल्य येणार, मॅडम," सल्लागार म्हणाला. बिचाऱ्या बाईंना अर्थशास्त्र कळत नाही. मलाही कळलं नाही, पण मी मान हलवली.

सेकंद मोजायचं काम माझ्याकडे आलं. पालिकेच्या शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांकडून स्टॉपवॉच मागून आणलं. अर्धवट दिसलं तर धरायचं नाही, पुढे कोणी उभं असेल तर धरायचं नाही, अशा चार पानी मार्गदर्शक सूचना आहेत. घरी आल्यावर सरावासाठी साबणाच्या जाहिरातीतलं साबणाचं नाव मोजलं. अकरा सेकंद. बायको म्हणाली, "भाजीचा गॅस बंद करायला सांगितला होता तुम्हाला. ते पण मोजा."

१९ मार्च

परिपत्रक निघालं. मसुदा माझा. स्थानक आणि रुग्णालय परिसरातल्या सर्व लॉजधारकांनी ७ ते १४ एप्रिल सर्व खोल्या पर्यटकांसाठी राखून ठेवाव्यात, अन्य कोणासही देऊ नयेत, परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी याची नोंद घेतली जाईल. शेवटचं वाक्य साहेबांना फार आवडलं.

पहिली प्रत ताईला नेऊन दिली. घरातूनच सुरुवात केली की कोणी बोट दाखवत नाही.

ताईने चष्मा लावून दोनदा वाचलं. "आणि माझ्या माणसांचं काय करू? चार नंबरच्या काकू पाच आठवडे आहेत. त्यांच्या नवऱ्याचं मूत्रपिंडाचं ऑपरेशन झालंय, दिवसातून तीनदा खाली-वर करतात. त्यांना काय सांगू, गोल्फ आहे?"

"आठच दिवस गं. परदेशी लोक येतील. तुझ्या लॉजचं नाव होईल."

"माझ्या लॉजचं नाव वॉर्डातल्या सगळ्या आयांना माहीत आहे. तेवढं पुरतं मला."

ताईला व्यवहार म्हणून नाहीच. सोन्यासारखी संधी दारात आली तरी ही आधी तिला चपला काढायला लावणार. मग मी पदाचं सांगितलं. तिने परिपत्रकाची घडी घातली. म्हणाली, "तुझी बढती आहे ना? मग करते. पण हे तुझ्यासाठी हं, तुझ्या त्या चेंडूसाठी नाही."

ताई अशीच. माझ्या शाळेच्या दप्तराचा पट्टा तुटला की ती अशी गाठ मारायची की दप्तर फाटेल पण गाठ सुटणार नाही. आई नव्हती, म्हणून सगळं तिच्यावरच होतं. तिचं भलं व्हावं असं मला मनापासून वाटतं.

२ एप्रिल

बॅनर आला! चाळीस फूट लांब, बारा फूट रुंद, जाड प्लास्टिकचा, पांढऱ्यावर निळी अक्षरं, एकेक अक्षर माझ्यापेक्षा उंच. पालिकेच्या आवारात अंथरून पाहिला. माझ्या शहराचं नाव एवढं मोठं मी कधी पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले हे इथे लिहायला हरकत नाही.

ताईला बारा नव्या पांढऱ्या उशा घ्यायला लावल्या. जुन्या उशांवर परदेशी माणूस झोपत नाही असं सल्लागार म्हणाला होता.

६ एप्रिल

आज ताईच्या खोल्या रिकाम्या झाल्या. मी जातीने हजर होतो, कारण काम कागदाप्रमाणे होतंय की नाही हे बघायला हवं. पाच खोल्यांतली माणसं निमूट गेली. चार नंबरच्या काकूंची एक पिशवी, एक थर्मास आणि नवऱ्याच्या तपासण्यांची जाडजूड फाइल. त्यांनी मला विचारलं, "साहेब, ते पाहुणे आले नाहीत तर मी परत येऊ का?"

मी हसून सांगितलं, "काकू, येणार म्हणजे येणार."

त्या समोर जाऊन फुटपाथवर बसल्या. तिथून रुग्णालयाचं फाटक उलट जवळच आहे.

ताई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. कामाचा ताण असेल.

१० एप्रिल, गुरुवार

स्पर्धेचा पहिला दिवस. सविस्तर लिहितो.

प्रेक्षकांसाठी बांधलेले मंडप रिकामे दिसू नयेत म्हणून सहाशे पालिका कर्मचाऱ्यांना हजेरीपट सोबत घेऊन पाठवलं होतं. जकात, आरोग्य, उद्यान, सगळे विभाग. पांढरी टोपी सक्तीची. गोल्फमध्ये कधी टाळ्या वाजवायच्या ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मलनिःसारणवाल्यांनी खेळाडू नुसता वाकला तरी टाळ्या वाजवल्या. तो सरळ झाला, रागाने बघितलं, पुन्हा वाकला. यांनी पुन्हा वाजवल्या. मग हातात 'शांतता' अशी पाटी घेतलेला माणूस त्यांच्यासमोर कायमचा उभा केला. दुपारनंतर निम्मे झोपले, तेव्हा कुठे शांतता झाली.

खरा घाव पुढे आहे. माझा बॅनर सतराव्या भोकामागे लावला होता. जगातला कितवा तरी खेळाडू शेवटचा हलका टोला मारायला उभा राहिला आणि वारा सुटला. चाळीस फूट प्लास्टिक, ते फडफडणारच. खेळाडू थांबला. पुन्हा तयार झाला. पुन्हा फडफड. त्याने काठी टाकली आणि हात कमरेवर ठेवून बॅनरकडे बघत राहिला. पाच मिनिटांत क्लबचे सचिव धावत आले. "काढा ते धोतर!" माझ्या शहराच्या नावाला ते धोतर म्हणाले!

मी करार दाखवला. त्यांनी दुसरं पान दाखवलं: खेळात व्यत्यय आणणारी कोणतीही वस्तू हलवण्याचा अधिकार क्लबला आहे. त्याऐवजी वहीच्या पुठ्ठ्याएवढी एक पाटी लावली, कचऱ्याच्या डब्याशेजारी.

बॅनर ठेवायला क्लबात जागा मिळेना. शेवटी टेम्पोत घालून ताईच्या लॉजवर नेला आणि एक नंबरच्या रिकाम्या खोलीत टाकला. ताईने फक्त विचारलं, "हाच का पर्यटक?"

आजचे सेकंद: चार.

११ एप्रिल

सेकंद: दोन. खेळाडू, त्यांचे सहायक, टीव्हीवाले, सगळे क्लबच्याच हॉटेलात उतरलेत. विमानतळावरून बस बाह्यवळणाने थेट टेकडीवर जाते. शहर लागतच नाही. स्थानकावर आम्ही स्वागत कक्ष उघडलाय. तिथे दिवसभरात एकच प्रवासी आला आणि स्वच्छतागृह कुठे आहे विचारून गेला. स्वागत कक्षातल्या मुलीने पर्यटक म्हणून नोंद करू का विचारलं. मी म्हटलं, बाहेरगावचा होता ना? मग करायची.

क्लबच्या फाटकावर येणाऱ्यांची मोजणी मात्र उत्तम चालली आहे. आमचे सहाशे लोक चहाला बाहेर जाऊन परत आले की पुन्हा मोजले जातात. आजचे पर्यटक तीन हजार दोनशे.

१२ एप्रिल

सेकंद: सात, पण त्यातल्या तीन सेकंदांत पाटीपुढे कुत्रं उभं होतं, म्हणजे चार. एकूण दहा. हवे होते अठराशे. सल्लागार माझा फोन उचलत नाही. साहेब उचलतात, ते त्याहून वाईट. "तुमच्या भरवशावर मी शब्द दिलाय," म्हणाले. माझ्या! निवाऱ्याचं शीर्ष सुचवलं तेव्हा कसे 'आपण' होतो, आता 'तुम्ही' झालो.

ताईकडे गेलो. सहाच्या सहा खोल्या रिकाम्या, उशा अजून प्लास्टिकमध्ये. समोरच्या फुटपाथवर चार नंबरच्या काकू भिंतीच्या हातभर सावलीत अंग चोरून बसलेल्या. परवा त्यांना उन्हाने भोवळ आली, ताई म्हणाली. मग म्हणाली, "सांग ना तुझ्या साहेबांना, चार खोल्या तरी उघडू देत. कोणी येत नाहीये रे."

मी म्हटलं, "ताई, अजून दोन दिवस आहेत. आत्ता उघडल्या तर माझं नाव जाईल."

"बरं," ती म्हणाली, आणि आत गेली. तिचं 'बरं' मला लहानपणापासून माहीत आहे. ते बरं नसतं.

मला वाईट वाटलं. पण नियम सगळ्यांना सारखे, आणि माझ्या बहिणीला सूट दिली असती तर आणखी दहा जण आले असते.

१३ एप्रिल, रविवार

देवा! देवा! देवा!

दुपारी पंधराव्या भोकाजवळ मधमाश्या उठल्या. खेळाडू हिरवळीवर पालथे पडले, आमचे पांढऱ्या टोपीवाले थेट पाण्याच्या टाकीपर्यंत पळाले, उद्यान विभाग सगळ्यांत पुढे. खेळ पंचवीस मिनिटं बंद. टीव्हीवाल्यांना दाखवायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचा ड्रोन टेकडीवरून खाली शहराकडे सोडला.

मी क्लबच्या कार्यालयात टीव्हीसमोर स्टॉपवॉच धरून बसलो होतो. आधी गच्च्या दिसल्या, मग रस्ता, मग रुग्णालयाची इमारत. आणि तिच्या समोर, आकाशाकडे तोंड करून, पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत माझ्या शहराचं नाव! पूर्ण. स्पष्ट. मध्ये कोणी नाही. ड्रोन त्याच्याभोवती घिरट्या घालत खाली उतरला. बॅनरखालून पाय बाहेर आलेले, डबे, पिशव्या, बसलेली पन्नासेक माणसं. समालोचक म्हणाला, इथल्या नागरिकांचा उत्साह बघा, स्पर्धेच्या आनंदात सगळे जण रस्त्यावर मिळून सहल करताहेत.

सलग एक्केचाळीस सेकंद! स्टॉपवॉचवरचा आकडा मी तीनदा वाचला.

ताईने बॅनर खांबांना बांधला असणार. मला न विचारता. पण आज तिला सगळं माफ.

१७ एप्रिल

सल्लागार आता स्वतःहून फोन करतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे 'सामान्य जनतेच्या सहभागासह सलग दर्शन' याला चाळीसपट दर लागतो. एक्केचाळीसला चाळीसने गुणलं की उद्दिष्ट जवळजवळ पूर्ण. उरलेले जेवणाच्या डब्यांच्या भावनिक मूल्यात निघाले.

सेकंदांच्या प्रमाणपत्रावर सही माझी, म्हणून चित्रफीत पुन्हा पाहायची होती. कार्यालयात दार लावून हळू गतीने पाहिली. त्या दिवशी मी फक्त अक्षरं पाहिली होती. आज माणसं पाहिली. मधूनमधून कोणाकोणाजवळ नवी पांढरी उशी आहे. कोणी टेकलंय, कोणी मांडीवर घेतलीये. बारा उशा, मी मोजल्या. ताई स्टुलावर चढून कोपऱ्याची दोरी ओढते आहे. चार नंबरच्या काकू तिला खालून धरताहेत. सत्ताविसाव्या सेकंदाला ड्रोनचा आवाज झाला असावा. ताई मान वर करते आणि सरळ कॅमेऱ्यात बघते. म्हणजे माझ्याकडेच. सहा सेकंद.

मी फीत मागे घेऊन पुन्हा पाहिली, एकदा नाही, सात-आठ वेळा. तिच्या चेहऱ्यावर राग नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

हे सहा सेकंद धरायचे की वगळायचे, याबद्दल मार्गदर्शक सूचनांत काही नाही. धरले.

२२ एप्रिल

अहवाल सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर. पर्यटक बारा हजार चारशे. परिसरातली लॉज शंभर टक्के आरक्षित. पुढच्या वर्षी दुप्पट रक्कम. आणि शेवटच्या पानावर साहेबांनी स्वतःच्या हाताने घातलेलं कलम: 'रुग्णालयासमोर नातेवाइकांसाठी निवाऱ्याचे काम याच खर्चात पूर्ण.' एका दगडात दोन पक्षी! त्या सभासद बाई उठून उभ्या राहिल्या होत्या, पण चहा आला.

पदाचं पत्र हातात पडलं. पर्यटन अधिकारी. खिडकीची खोली.

पत्राबरोबर पहिला आदेशही आला: बॅनर भांडारात जमा करावा. मी चाचरत म्हटलं, "साहेब, आपण निवारा पूर्ण झाला असं लिहिलंय ना? तो बॅनर म्हणजेच..."

"बरोबर. काम पूर्ण झालं. पूर्ण झालेल्या कामाचं साहित्य जमाच करतात," साहेब म्हणाले. एकोणीस वर्षं नोकरी करून हा साधा नियम मी विसरलो, याची लाज वाटली.

२४ एप्रिल

बॅनर आणायला मीच गेलो. शिपायाला पाठवता आलं असतं, पण ताईला बढतीचं तोंडी सांगायचं होतं. बरोबर बिस्किटांचा मोठा पुडा नेला.

लॉजच्या पायरीवर ताई एकटीच बसली होती. सहाही किल्ल्या खिळ्यांवर लटकत होत्या. मी विचारलं, आता तर खोल्या मोकळ्या आहेत, तुझी माणसं कुठेयत? तर म्हणाली, वॉर्डातल्या आया आता नव्या माणसांना सांगतात, समोरच्या लॉजात जाऊ नका, मध्येच बाहेर काढतात. चार नंबरच्या काकूंना तिने स्वतः जाऊन बोलावलं, पैसे देऊ नका म्हणाली, तरी त्या येईनात.

काकू बॅनरखालीच होत्या. मी म्हटलं, "काकू, खोलीत जा ना. ताई बोलावतेय."

"नको साहेब. तिथून परत कधी उठवतील, नेम नाही," त्या म्हणाल्या. "इथून कोण उठवणार? वर खुद्द पालिकेचं नाव आहे."

मी शिडी लावली. ताई उठून आली आणि न सांगता शिडी धरली. वर गेलो तर गाठ सुटेना. तीच, दप्तराची. नखं तुटायची वेळ आली. खाली पन्नास माणसं वर तोंड करून बघत होती. एका बाईने बाळाच्या डोक्यावर आधीच पदर घेतला. मी खिशातली किल्ली घालून घालून चारही गाठी सोडवल्या. एकेक कोपरा सुटला तशी सावली सरकत गेली आणि तिच्याबरोबर काकू सरकत गेल्या, फाइल पोटाशी धरून, शेवटी भिंतीपर्यंत. मग भिंत आली.

"उतरा सावकाश, साहेब," ताई म्हणाली. "शिडी धरलीये मी."

बॅनर घडी करून टेम्पोत टाकला. बिस्किटांचा पुडा ताईने घेतला नाही. काकूंनी घेतला, फोडला आणि आजूबाजूला वाटला. मलाही एक बिस्कीट दिलं. उन्हात उभं राहून खाल्लं.

घरी येऊन बायकोला म्हटलं, ताईने आज मला साहेब म्हणून हाक मारली, पदाचा मान ठेवला बघ. बायकोने उठून पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "मग तोंड धुऊन या आधी. डोळे बघा केवढे लाल झालेत."

ऊन फार होतं आज.